दोन्ही काडतुसांचं रिव्हॉल्वर

हनीफ, बाकीचं मागाहून बोलू. आधी मला एवढं सांग, ते रिव्हॉल्वर रोज सकाळी उघडं कसं असतं?

मी स्वतः बंद करून जातो रे. फौजेतून आलेला माणूस मी. घरचा गॅस बंद केला की नाही ते विसरेन, हत्यार बंद करायला विसरायचो नाही. काडतुसांच्या सहा घरांचा तो सिलिंडर आत ढकलतो, खट्‌ असा आवाज कानाने ऐकतो, हिरव्या कापडावर रिव्हॉल्वर ठेवतो, कपाटाला कुलूप, खोलीला कुलूप. किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला, दुसरी मुदीरच्या तिजोरीत. आणि आपला मुदीर नेमबाजी क्लबचा मॅनेजर असला तरी त्या खोलीत पाऊल टाकत नाही, त्याला तेलाचा वास सोसत नाही. सकाळी मी कपाट उघडतो तर सिलिंडर बाहेर काढलेला. सहाही घरं रिकामी, नळी भिंतीकडे. अगदी तू ठेवायचास तसं.

“बंद रिव्हॉल्वर म्हणजे तोंड मिटून बसलेला माणूस, सुभेदार. पोटात काय आहे कळत नाही,” असं म्हणायचास तू. मी बंद करायचो, तू उघडायचास. हत्यार कुठलंही असो, वर्षानुवर्षं आपलं हेच चाललेलं. पण तेव्हा तू होतास ना, अरे बाबा!

पहिल्यांदा वाटलं, आपलंच डोकं ठिकाणावर नाही. मग एका संध्याकाळी बंद करताना मोठ्याने म्हटलं, “बंद केलं.” रिकाम्या खोलीत माझाच आवाज मला परका वाटला. सकाळी पुन्हा उघडंच. शेवटी सिक्युरिटीवाल्याला काहीतरी थाप मारून कॅमेऱ्यातलं चित्र बघितलं. कपाटाचं दार सबंध वेळ मिटलेलं. खोलीत कुणी नाही. तुझं स्टूल तेवढं दिसत होतं, कामाच्या बाकापासून थोडं मागे सरकवलेलं, माणूस बसायला जागा लागते तेवढं. मी ते बंद केलं आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. कतारचं मे महिन्याचं ऊन, आणि मला थंडी वाजत होती.

लोक विचारतात, हनीफ तुमचा कोण? काय सांगू? तू क्लबातली हत्यारं दुरुस्त करणारा. मी लेनवर उभा राहून हौशी लोकांनी एकमेकांना गोळ्या घालू नयेत एवढं बघणारा. तू रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, मी देवळालीचा. तू वाढलास माशांच्या वासात, मी तोफांच्या आवाजात, आणि दोहाबाहेरच्या वाळूत एका बाकावर बसून आपण एकमेकांचे डबे खाल्ले. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनला माझ्या घरून कुणाला येता आलं नाही, तेव्हा तू रोज अल मन्सूराहून पेज घेऊन यायचास. आणि नर्सला सांगायचास, “सिस्टर, हे फौजी आहेत, यांना इंजेक्शन जरा हळू द्या, रडतात.” त्या पेजेबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. आपल्यात शुक्रन म्हणायची पद्धत नव्हती. आता म्हणतो. ऐकू येत असेल तर ऐक.

त्या शुक्रवारी मी अल सद्दला केस कापायला बसलो होतो. वहिनींचा फोन आला. तू नमाजाला निघालास, बिल्डिंगच्या लिफ्टपाशी “जरा बसतो” म्हणालास, आणि बसलास तो बसलासच. मी अर्ध्या कापलेल्या डोक्याने तसाच उठलो. वर टोपी घातली आणि त्याच डोक्याने संध्याकाळी तुझ्यावर मूठमूठ माती टाकली. तू असतास तर पोट धरून हसला असतास. “सुभेदार, अर्धा डिस्काउंट मिळाला का?” असं काहीतरी बोलला असतास मेल्या.

पण माझा राग वेगळाच आहे. तू भांडण अर्धं टाकून गेलास.

मुदीरला बायकांच्या वर्गासाठी एक रिव्हॉल्वर घ्यायचं होतं. एकच. एजंट तीन नमुने ठेवून गेला आणि मुदीर म्हणाला, तुम्ही दोघं मिळून ठरवा, मला एकच नाव सांगा, यल्ला, लवकर. पहिलं साधं, फक्त आखूड काडतूस घेणारं. दुसऱ्यात लांब काडतूस जायचं, आणि आखूडही. दोन्हीची जाडी एकच, लांबीत फरक. लांब काडतुसात दारू दांडगी, हाताला चांगला झटका बसतो. आखूड बापडं मवाळ. लांबाच्या घरात आखूड जातं, आखुडाच्या घरात लांब जात नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर किती जणांची बोटं गेली असती. तिसऱ्याला सिलिंडर बदलायची सोय होती, एक काढा, दुसरा घाला, म्हणजे पिस्तुलाची काडतुसंही चालतात. ते तिसरं आपण दोघांनी एका मताने बाद केलं. “सुटा सिलिंडर म्हणजे आमच्या घरातलं कुकरच्या शिट्टीचं वजन, लागेल तेव्हा कधी सापडणार नाही,” असं तू म्हणालास. तेवढ्यावर आपलं एकमत झालं आणि तिथेच संपलं.

मी पहिल्याच्या बाजूने, तू दुसऱ्याच्या. मी म्हणायचो, “एक बंदूक, एक काडतूस. शिकाऊ माणसापुढे दोन डबे ठेवलेस की कधीतरी चुकीचा हात चुकीच्या डब्यात जाणार. आखूड समजून लांब भरलं तर पोर घाबरून बंदूकच टाकून देईल.”

“आणि साधं घेतलंत तर पोर आयुष्यभर आखूडच मारत बसेल,” तू म्हणायचास. “हे वजनाला भारी आहे, झटका हे स्वतःच खातं. मूठ लहान हातात बसते. मागचा नेमाचा काटा हलवता येतो, कारण दोन्ही काडतुसं कागदावर वेगवेगळ्या जागी लागतात. सुरुवातीला आखूड. हात बसला की लांब. बंदूक तीच, बोटाला तिची ओळख झालेली. आमच्याकडे एकाच टोपात भातसुद्धा होतो आणि कालवणसुद्धा.”

“आणि मग भाताला कोलंबीचा वास लागतो.”

“तो वास आवडतो म्हणून तर तुम्ही दर शुक्रवारी जेवायला येता, सुभेदार.”

माझं हुकमी पान काजळीचं होतं. आखूड काडतुसं मारत राहिलं की घराच्या आत, जिथे ते काडतूस संपतं तिथे, काजळीचं कडं धरतं. मग लांब काडतूस घालायला जावं तर ते त्या कड्याला अडतं. “मग रोज घासत बसणार कोण?” मी विचारायचो. तू हात वर करायचास, शाळेतल्या पोरासारखा. “मी आहे ना. मी जिवंत असेपर्यंत त्यात काजळी दिसली तर नाव बदला माझं.”

मला ठाऊक होतं तू एवढा का भांडतोस. समीनासाठी. तुझ्या एकुलत्या एका मुलीला कॉलेज झाल्यापासून नेमबाजीचं वेड लागलेलं, आणि स्टाफच्या घरच्यांना त्या वर्गात येता यायचं. तुला तिच्यासाठी एकच असं हत्यार हवं होतं, जे तिच्याबरोबर मोठं होईल. आणि मला तिच्या हातात असं हत्यार नको होतं, ज्यात चूक व्हायला जागा आहे. दोघांच्या डोक्यात पोर एकच, आणि तिचं नाव दोघांनी एकदाही घेतलं नाही. काय म्हणावं आपल्याला!

गुरुवारी निघताना तू दारात थांबलास. “सुभेदार, उद्या जुम्मा. परवा तुम्हाला एक गोष्ट दाखवतो. ती बघितलीत की तुम्ही स्वतःच म्हणाल, हनीफ, हेच घ्यायचं.”

“आत्ता दाखव की.”

“आत्ता नाही. ती दाखवायला वेळ यावी लागते,” म्हणालास, हसलास, आणि लवंग तोंडात टाकून गेलास.

परवा आला. तू मात्र नव्हतास. काय दाखवणार होतास रे? मी तुझा बाक पालथा घातला. ब्रश, चिंध्या, पितळी सळई, तेलाच्या बाटल्या. काही नाही. खोलीत तुझ्या लवंगेचा वास मात्र राहिला. पहिल्या दिवशी मी समजू शकलो, वास राहतो. पण तो रोज सकाळी ताजा कसा? आणि मी शेजारच्या ऑफिसात बसलो की भिंतीपलीकडून तो आवाज येतो, रिकामा चाप ओढल्याचा. टक्‌. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टक्‌. तू घराघराची तपासणी करायचास तसा, सावकाश. मी उठून गेलो की थांबतो. मग मी उठायचं बंद केलं. खरं सांगू, एकदोनदा तर मला त्या आवाजाने बरंही वाटलं. काम चालू आहे असं वाटलं.

मुदीरला यातलं काही सांगितलं नाही. पण तो तुझ्या आठवणीने हळवा झालेला. तुला तो “अबू समीना” म्हणायचा, समीनाचा बाप. एकदा मी त्या खोलीतून बाहेर आलो तर तो बाहेर उभा. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “कोई अंदर है?” मी म्हटलं, नाही, कुणी नाही. त्याने दाराकडे तोंड करून सलाम केला आणि तो गेला.

मग समीना आली. वहिनी आणि ती तुझ्याच व्हिसावर होत्या, त्यामुळे आता इथलं सगळं आवरून त्यांना गावी जायचं होतं. रविवारचं तिकीट. एजंटही रविवारीच नमुने परत न्यायला येणार होता. काळा अबाया, डोळे सुजलेले, आणि हट्टी हनुवटी तुझी.

“काका, आय नो तुम्ही बिझी आहात. पण अब्बांनी जी सिलेक्ट केली होती, ती मला वन्स मारून बघायची आहे. आखूड पण, लांब पण. ते म्हणाले होते शिकवेन. नंतर गावी कुठे मिळणार मला?”

मुदीरला विचारलं. तो नुसता मानेने हो म्हणाला.

सकाळी ते रिव्हॉल्वर मी स्वतः साफ केलं. तू नव्हतास म्हणून जरा जास्तच. सहाही घरांतून ब्रश फिरवला, चिंधी फिरवली, बॅटरी मारून बघितलं. ताट घासावं तशी लखलखीत घरं. हे लक्षात ठेव, पुढे कामाचं आहे.

लेनवर आम्ही दोघंच, आणि टोकाच्या लेनवर कुणी शेख मोठी शिकारी बंदूक घेऊन आलेला. समीनाने आधी आखूड मारली. छान मारली रे. खांदे सैल, श्वास रोखून, चाप सरळ मागे. तू घरी तिला रिकाम्या हाताने शिकवत होतास की काय, कुणास ठाऊक. सिलिंडर दोनतीनदा भरला असेल. शेवटच्या गोळीच्या वेळी टोकाच्या लेनवर त्या शेखाचा बार झाला आणि कानांवरच्या इअरमफमधूनही छाती हादरली. पोर म्हणाली, “आता लांब.” मी दुसरा डबा उघडला.

तिने पहिलं काडतूस घातलं. जाईना.

“दुसऱ्या घरात घाल,” मी म्हटलं. तिथेही जाईना. मी बंदूक हातात घेतली, नळी समोर, आणि स्वतः घालून बघितलं. अर्ध्याहून जास्त जायचं आणि अगदी केसभर बाहेर राहायचं. डब्यातली वेगवेगळी काडतुसं घेतली, सहाही घरं बघितली. एकही बसेना. माझं टाळकं सटकलं. तुझ्या नावाने मनातल्या मनात शिव्या दिल्या. बघ, म्हटलं, हेच सांगत होतो ना, काजळी! अंगठ्याने दाबलं. खोटं कशाला सांगू, चांगलं जोर लावून दाबलं. आणि तेव्हा, हनीफ, माझ्या अंगठ्याखाली ते काडतूस आतून बाहेर आलं. अडलं नाही, परत आलं. उंबऱ्यावर कुणी आपल्याला तळहाताने थोपवावं, तसं.

मी हात झटकन काढला. समीना म्हणाली, “काका, काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, जरा घासून आणतो.

हत्यार रिकामं केलं आणि तुझ्या बाकावर नेलं. ब्रश उचलला. पण तुझ्या बाकावर बसलं की तुझीच सवय हाताला लागते. घासण्याआधी नळीतून पांढऱ्या कागदाकडे बघायचं. बघितलं.

कागद दिसेना. नळीत अंधार होता.

नळीच्या मधोमध गोळी अडकली होती. त्या शेवटच्या आखूड काडतुसात दारूच नसावी, नुसती टिकली पेटली, गोळी ढकलली गेली आणि तिथेच थांबली. फुसका बार. एरवी आवाजावरून कुणालाही कळला असता, पण तो नेमका त्या मोठ्या बाराखाली गेला. कागदाला आधीच इतकी भोकं पडलेली की एक कमी-जास्त कुणाला दिसणार? आणि त्या बंद नळीत ती पोर आता लांब काडतूस मारणार होती. दांडगी दारू असलेलं. चेहऱ्यासमोर धरून.

मी तुझ्या स्टुलावर बसलो. पितळी सळई घालून, हातोडीने ठोकून ती गोळी बाहेर काढली. ती तळहातावर पडली आणि मी ढसाढसा रडलो. तुला मूठमाती देताना रडलो नव्हतो, तिथे रडलो. तुझी पोर वाचली म्हणून की तू गेलास म्हणून, कळत नाही. दोन्ही एकदम आलं.

मग घरं बघितली. काजळीचं कडं असणार, त्यानेच अडवलं असणार, म्हणून बॅटरी मारली. हनीफ, घरं स्वच्छ होती. धुराची हलकी सावली, बस्स. तेवढ्याने कडं धरत नाही, ते तुला मी सांगावं का?

पोरीला म्हटलं, आज नाही, उद्या ये. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं मी टाळतोय.

दुसऱ्या सकाळी रिव्हॉल्वर नेहमीसारखं उघडं होतं. या वेळी मी दचकलो नाही. “सलाम,” म्हटलं आणि कामाला लागलो. नळीवरून बोट फिरवलं, आतून बघितलं, कुठे फुगवटा नाही. आखूड काडतुसांचा तो सगळा डबा बाजूला काढला. मग लेनवर गेलो, लांबांचा कालचाच डबा, कालचीच काडतुसं. एक उचललं आणि घरावर नुसतं ठेवलं. टप्पकन आत गेलं. आपल्या वजनाने. दुसरं, तिसरं, सगळी. सहाही घरांत. दाबायला लागलं नाही, काही नाही. भरलेला सिलिंडर मी स्वतः समोर झाडला. बंदूक गुणी बाळासारखी चालली.

तू दाखवणार होतास ती गोष्ट हीच का रे? नाही ना? तुला काय माहीत असणार! मी एवढा डोक्यावर पडलेलो नाही की असलं काही मानावं. पण मग काल ती सहा घरं कुणी अडवली? मी सगळा हिशेब लावून बघितला, घराचा, काडतुसाचा, उन्हाने धातू फुगण्याचा. कशातच बसत नाही. शेवटी सोडून दिलं.

मुदीरकडे गेलो. “खलास? ठरलं?” त्याने विचारलं.

“खलास. अबू समीनाने निवडलेलं घ्या. दोन्ही काडतुसांचं.”

“पण तुझा तर विरोध होता.”

“होता,” मी म्हटलं. आता पुढे विचारू नकोस असं माझ्या आवाजात असावं, कारण त्याने विचारलं नाही.

आता राहिली पोर. खरेदी केली म्हणून तिच्या हातात ते पुन्हा द्यायलाच हवं असं कुठे आहे? एक चहा पाजून, डोक्यावर हात ठेवून तिला विमानात बसवता आलं असतं. तिला काही झालं असतं तर वहिनींना मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? आणि तुला?

ती आली. वहिनी बरोबर, मागे बाकावर तसबीहची जपमाळ घेऊन बसल्या. मी ठरवलं होतं, न सांगता तिच्या हातात द्यायचं नाही. ती गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. फुसका बार, नळी, लांब काडतूस. ते अडलं, हेही सांगितलं. बाकी उघड्या सिलिंडरचं, आवाजाचं सांगितलं नाही. ते आपल्या दोघांतलं.

तिने गोळी बोटांत फिरवून बघितली. “अब्बा असते तर त्यांना कळलं असतं?”

“तुझ्या अब्बांनी त्या फुसक्या आवाजावर अख्खी लेन थांबवली असती. शेखाच्या बाराखालीसुद्धा त्यांना ऐकू आला असता.”

“मग आता?”

“आता मी बघितलंय. मी मारून बघितलंय. पण तुला नको असेल तर नको, बेटा. कुणी काही म्हणणार नाही.”

तिने वहिनींकडे बघितलं. वहिनींचे मणी थांबले. मला वाटलं त्या नाही म्हणणार. आणि खरं सांगतो, मला तेच हवं होतं. पण त्या म्हणाल्या, “मार बाय. तुझ्या बापाने तुझ्यासाठीच निवडलंय ता.”

लेनवर आज दुसरं कुणी नव्हतं. बाहेर धुळीचा वारा सुटलेला, सगळं पिवळसर, पत्रे मधूनच थरथरायचे. मी तिला एकच लांब काडतूस दिलं. ते तिने घरावर ठेवलं. मी श्वास रोखला. टप्पकन आत गेलं. तिने सिलिंडर मिटला, पाय रोवले, हात लांब केले. मी तिच्या मागे, पिवळ्या रेघेवर. माझ्या दोन्ही मुठी आवळलेल्या, आणि तोंडात तुझ्या अल्लाचं नाव आणि माझ्या खंडोबाचं, जे आधी येईल ते.

बार झाला. तिचे हात वर उसळले आणि खाली आले. कागदाच्या मधल्या काळ्या गोलात एक नवं भोक होतं, आणि पोर धडधाकट उभी होती. दोन डोळे, दहा बोटं.

तिने शिकवल्याप्रमाणे सिलिंडर उघडला, पुंगळी काढली, बंदूक खाली ठेवली. कानांवरचे इअरमफ काढले आणि वळली. एवढं हसू मी त्या पोरीच्या तोंडावर तू गेल्यापासून बघितलं नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डाव्या खांद्याच्या मागे बघत होती.

“अब्बा,” ती म्हणाली, “बघितलंत?”

मला वाटलं आता तिच्या लक्षात येईल, आता ती ओठ चावेल, रडेल. तसं काही झालं नाही. ती तशीच बघत राहिली, हसत, मान जराशी कलती करून, समोरचा माणूस काहीतरी बोलतोय आणि आपण ऐकतोय, अशी. मागे वहिनींचे मणी वाजत नव्हते. वारा पडला होता. माझ्या डाव्या कानाला गार लागलं.

मी मागे वळलो नाही, हनीफ. मला भीती वाटली असं म्हण हवं तर. मी फक्त एक पाऊल उजवीकडे सरकलो, तुला तिचा कागद नीट दिसावा म्हणून.